बिनपापणीचा पाहुणा

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला पूर्वी नागपंचमीआधी रानातून नाग धरून आणत आणि मडक्यात घालून घरी ठेवत. आत काळोख, गारवा. आमच्या स्ट्राँगरूमसारखंच म्हणा ना, फक्त ठेवीवर व्याज नाही! पंचमीला मात्र दिवसाढवळ्या मिरवणूक, वर कॅमेऱ्यांचे फ्लॅश. आता नागाला पापण्याच नसतात; डोळ्यावर नुसता पारदर्शक खवला. आम्ही निदान ऑडिटर आला की डोळे मिटून घेतो, त्या बिचाऱ्याला तीही सोय नाही. सण संपला की ठेव जिथली तिथं सोडत. तिचे डोळे शाबूत आहेत का, हे कोण तपासणार? 2002 साली प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जिवंत नागाच्या पूजेला मनाई झाली आणि मातीचे नाग आले. त्यांच्यावर खुशाल फ्लॅश मारा.