औषधयोजनेची संगणकीय सुरक्षा-तपासणी

डॉक्टर रुग्णासाठी औषध लिहीत असताना त्याची मात्रा, रुग्णाची ॲलर्जी, चालू असलेल्या इतर औषधांशी होणारी परस्परक्रिया, मूत्रपिंडाची व यकृताची स्थिती इ. बाबी संगणकाने आपोआप पडताळणे आणि धोका आढळल्यास औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी इशारा देणे, यास औषधयोजनेची संगणकीय सुरक्षा-तपासणी म्हणतात. औषधांविषयीच्या नियमांचा संग्रह आणि रुग्णाची अद्ययावत नोंद या दोन गोष्टींवर ती अवलंबून असते. उदा., पेनिसिलिनाची ॲलर्जी असलेल्या रुग्णास ॲमॉक्सिसिलिन लिहिले गेल्यास किंवा वॉर्फरीन घेणाऱ्या रुग्णास ॲस्पिरीन दिले जात असल्यास पडद्यावर इशारा उमटतो. मात्र ॲलर्जीची नोंदच झालेली नसेल, तर ती संगणकास कळत नाही.

पूर्वी ही पडताळणी औषधनिर्माता व परिचारिका यांच्या स्मरणशक्तीवर व दक्षतेवर सोपविलेली असे. दुसऱ्या महायुद्धानंतर औषधांची संख्या झपाट्याने वाढली आणि एकाच रुग्णास अनेक औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. दहा औषधे चालू असल्यास त्यांच्या ४५ जोड्या होतात. त्यांतील प्रत्येक जोडीचा विचार दर वेळी करणे माणसास अवघड, पण संगणकास सहजसाध्य असते. या जाणिवेतून अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात पहिले प्रयत्न झाले.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील एल कॅमिनो रुग्णालयात १९७१ पासून डॉक्टर स्वतः प्रकाशलेखणीच्या साहाय्याने संगणकावर औषधांचे आदेश देऊ लागले. त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टॅन्ली कोएन यांच्या मार्गदर्शनाखाली औषधांच्या परस्परक्रिया हेरणारी ‘मेडिफोर’ ही प्रणाली तयार झाली. सॉल्ट लेक सिटी येथील एल. डी. एस. रुग्णालयात होमर वॉर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘हेल्प’ या प्रणालीत औषधांची माहिती प्रयोगशाळेतील तपासण्यांच्या निष्कर्षांशी जोडण्यात आली. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम घटल्यास त्या औषधाची विषबाधा संभवते. असा धोका केवळ औषधांची यादी पाहून कळत नाही, त्यासाठी ही जोडणी आवश्यक असते.

या प्रयत्नांमागील विचार क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७६ मध्ये इंडियानापोलिस येथील अभ्यासातून स्पष्ट केला. संगणकाने आठवण करून दिली असता डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती दखल घेतली. आठवण नसताना हे प्रमाण २२ टक्केच होते. अनेक चुकांचे मूळ अज्ञानात किंवा निष्काळजीपणात नसून, माहितीचा मोठा भार पेलण्याच्या मानवी मर्यादेत असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोष व्यक्तीचा नसून कार्यपद्धतीचा आहे, ही दृष्टी येथून दृढ होत गेली.

या दृष्टीची निकड बॉस्टन येथील एका दुर्घटनेने सर्वांसमोर आणली. तेथील एका नामांकित कर्करोग रुग्णालयात १९९४ मध्ये चार दिवसांत विभागून द्यावयाची सायक्लोफॉस्फामाइडाची एकूण मात्रा चारही दिवस रोज दिली गेली. त्यामुळे एका महिला पत्रकाराचा मृत्यू झाला. आदेश अनेकांच्या हातांखालून गेला असूनही तो कोणी रोखला नाही. त्याच शहरातील ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयात डेव्हिड बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर आदेश देण्याची पद्धत आल्यावर वेळीच न रोखल्या गेलेल्या गंभीर औषध-चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, असे त्यात दिसून आले. पुढील वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या अहवालात रुग्णालयांतील वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज वर्तविण्यात आला. २००९ च्या कायद्याने आर्थिक साहाय्य मिळाल्यावर अशा प्रणालींचा तेथे वेगाने प्रसार झाला.

प्रसाराबरोबर दोषही उघड झाले. पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाच्या २००५ मधील अभ्यासात, नवी प्रणाली घाईने बसविल्यानंतर बाहेरून आणलेल्या बालरुग्णांमधील मृत्युप्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. आदेश नोंदविण्यास लागणारा अधिक वेळ व बदललेली कार्यपद्धती ही त्याची संभाव्य कारणे सांगण्यात आली. क्षुल्लक बाबींवरही इशारे येऊ लागल्याने ते न वाचताच बाजूस सारण्याची सवय डॉक्टरांना जडली. २००६ मधील एका आढाव्यानुसार ४९ ते ९६ टक्के सुरक्षा-इशारे डावलले जात होते.

याचे बोलके उदाहरण सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये घडले. सोळा वर्षांच्या मुलास ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल या प्रतिजैविकाची एक गोळी, म्हणजे १६० मिग्रॅ. मात्रा, द्यावयाची होती. पडद्यावरील एकक ‘दर किलोग्रॅम वजनास मिग्रॅ.’ असे असल्याचे लक्षात न आल्याने संगणकाने ३८·५ गोळ्यांचा आदेश तयार केला. इशारा उमटला, परंतु प्रथम डॉक्टराने व मग औषधनिर्मात्याने तो नेहमीचा समजून बाजूस सारला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून बांधल्या आणि परिचारिकेच्या सांकेतिक-पट्टी वाचकाने त्या आदेशाबरहुकूम असल्याची ग्वाही दिली. मुलास तीव्र झटके आले. सुदैवाने तो बचावला. पुढील प्रत्येक टप्प्यावर औषध आदेशाशी जुळते की नाही हे पाहिले गेले. आदेशच योग्य आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला.

या अनुभवांतून इशाऱ्यांची गंभीरतेनुसार प्रतवारी करणे, निरुपयोगी इशारे वगळणे, प्राणघातक मात्रेचा आदेश पुढे जाऊच न देणे आणि डावललेल्या इशाऱ्यांचा नियमित आढावा घेणे, ही धोरणे पुढे आली. टाळता येण्याजोगी औषधजन्य हानी कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये जागतिक मोहीम सुरू केली. मानवी अवधानाची मर्यादा भरून काढण्यासाठी निर्माण झालेले हे साधन त्याच अवधानावर अतिरिक्त भार टाकू लागले की निष्प्रभ ठरते. म्हणून तपासणीची उपयुक्तता इशाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे, तर योग्य वेळी आलेल्या किती इशाऱ्यांची दखल घेतली गेली, यावरून ठरवावी लागते.