राजाबाईचे घड्याळ आणि वेठीचे दिवस

मुंबईच्या इतिहासात घड्याळाचे एक भांडण नमूद आहे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. शहरातील व्यापारी, वकील, वर्तमानपत्रे खवळली. विद्यापीठाने आपल्या मनोऱ्यावरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवले, तेव्हा त्या घड्याळाच्या तबकड्या रात्री उजळण्याचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. तरीही शहरात ‘मुंबई टाइम’ १९५० च्या दशकापर्यंत कुठे ना कुठे तग धरून राहिला. मुंबईविषयी लिहिणारे ही हकीकत चवीने सांगतात, नागरी स्वाभिमानाचा नमुना म्हणून सांगतात. ती सांगण्याला माझा आक्षेप नाही. भांडण कोणाच्या वेळेसाठी चालले होते आणि कोणाच्या वेळेसाठी कोणी कधी भांडलेच नाही, हा प्रश्न मात्र त्या हकीकतीत येत नाही.

तो मनोरा म्हणजे फोर्टातील राजाबाई टॉवर. मी रत्नागिरीत मांडवीला राहतो. गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या सुटीत मांडवी एक्सप्रेसने मुंबईस गेलो. (या गाडीचे नाव गोव्याच्या नदीवरून पडले आहे, आमच्या मांडवीचा तिच्याशी काही संबंध नाही. पण आमच्याकडची माणसे ती गाडी आपलीच समजतात, आणि ती समजूत मोडावी असे मलाही वाटत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हल मैदानाच्या कडेला उभा राहून मी तो मनोरा बराच वेळ पाहिला. उंची २८० फूट. आराखडा इंग्लंडच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. १८६९ च्या मार्चमध्ये पायाभरणी झाली, १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरे झाले. वर चढून जायला आता सामान्य माणसाला परवानगी नाही. खाली ग्रंथालय आहे.

मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव पडले. हा पैसा कापसाच्या तेजीतल्या माणसाचा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध कशावरून पेटले? गुलामांवरून. मुंबईच्या शेठजींना त्या युद्धातून भाव मिळाला. त्याच युद्धातून जोतीराव फुले यांना वेगळेच काही मिळाले. मनोरा अर्धामुर्धा उभा असताना, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. एकच युद्ध, पण त्याचा एक धागा घड्याळाकडे जातो आणि दुसरा आमच्याकडे येतो. कॉलेजात इतिहास शिकवताना हे दोन धागे एकाच तासाला शिकवावेत असे मला वाटते. पाठ्यपुस्तकात ते वेगवेगळ्या प्रकरणांत बसवलेले असतात. मनोरा पुरा झाल्यावर चार वर्षांनी, १८८२ साली, याच जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मांडले की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि उच्च शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या जातींना. आयोगापुढे हे निवेदन गेले तेव्हा विद्यापीठाच्या घड्याळाचे ठोके मुंबईत पडू लागले होते.

आता पुतळ्यांविषयी. मनोऱ्याच्या अंगावर वेगवेगळ्या उंचीवर दगडी माणसे उभी आहेत, एकूण चोवीस. ती पश्चिम हिंदुस्थानातील जातींचे नमुने आहेत. रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक इंजिनिअराने नमुने तयार केले आणि पोरबंदरी दगडात ते कोरले गेले. पगडी, अंगरखा, उभे राहण्याची ढब पाहून माणूस कोण हे ओळखू यावे अशी ती घडण. कारागिरी उत्तमच आहे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या विद्यापीठात माणसाने जन्माची ओळख ओलांडून जावे, त्याच्या अंगाखांद्यावर सरकारने हौसेने जातीच उभ्या केल्या! साहेबाला जात ही पाहण्याजोगी वस्तू वाटली. आमच्या पूर्वजांना पोशाखावरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे चांगले ठाऊक होते.

आमची जुनी वेळही याच जातीने ठरवलेली होती. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीत येण्यास बंदी होती, असे गो. स. घुर्ये यांनी नोंदवले आहे. त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि लांब सावली सवर्णाच्या अंगावर पडण्याचा धोका असतो. घड्याळ आमच्याकडे नव्हते असे कोण म्हणेल? आमचे शरीरच त्यांचे सूर्ययंत्र होते.

कोकणात पुणे नव्हते, खोत होता. खोताच्या शेतावर कुळाने फुकट राबावे, आठ दिवसांतला एक दिवस त्याला द्यावा, याला ‘आठवेठ’ म्हणत. उरलेले सात दिवस तरी कुळाचे असावेत. तर महाराच्या बाबतीत तेही नाही. गावकीचे काम केव्हा निघेल याला नेम नसे. सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, अंमलदारापुढे धावणे, वेशीवर राखण करणे, या कामांना सुरुवात असे, सुटी नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक आणले तेव्हा नेमके यावर बोट ठेवले होते: वतनदार महाराला रात्री-अपरात्री केव्हाही बोलावता येते आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागते. म्हणजे तास तर सोडाच, माणूसही मोजलेला नाही. गुलामीची व्याख्या मी विद्यार्थ्यांना हीच सांगतो: ज्याच्या दिवसाला शेवट दुसऱ्याच्या मर्जीने होतो तो गुलाम.

म्हणून माणसे मांडवीला येत. मागे रत्नदुर्ग, पुढे समुद्र, आणि पाण्यात लांब उभी असलेली मुंबईची आगबोट. तिथपर्यंत पडावातून जावे लागे. पावसाळ्यात बोटी बंद. माझे पणजोबा याच बंदरातून गेले. आजी सांगायची, त्यांनी बरोबर नेले ते एक घोंगडे आणि तांदळाची पुरचुंडी. मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते. त्यात आमचे लोकही होते.

परळच्या कामगाराला राजाबाईचे घड्याळ कुठले दिसायला? त्याचे घड्याळ भोंगा. पहाटे भोंगा झाला की उठायचे, दुसरा झाला की फाटकात, उशीर झाला की मजुरी कापली. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि विजेचे दिवे आल्यावर मावळण्याचीही अट गेली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने परळला सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. मागण्या वाचल्या की अंगावर काटा येतो, इतक्या त्या लहान आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. रविवारची सुटी मिळायला १८९० उजाडले. फर्ग्युसनच्या अर्ध्या तासावर शहाणे शहर जेव्हा वाद घालत होते, त्याच दशकातला हा दुसरा अर्धा तास, भाकरी खाण्याचा. १९०६ च्या जानेवारीत प्रमाणवेळ लागली तेव्हा एका मोठ्या गिरणीतील हजारो कामगारांनी काम नाकारून दगडफेक केली. काटे ३९ मिनिटे पुढे सरकले म्हणजे त्यांची झोप तेवढी कमी झाली. शेठजींचा प्रश्न अस्मितेचा होता, त्यांचा डोळ्यांचा.

तरीही भोंगा आणि वेठ यांत मी भोंगाच निवडला असता. पणजोबांनी तो निवडलाच. भोंगा वाईट, पण तो सुटताना पुन्हा वाजतो. मोजलेल्या वेळेवर हक्क सांगता येतो, ती कमी करा असे म्हणता येते. आठवेठीच्या आठव्या दिवसाविषयी खोताशी काय बोलणार?

अर्थात जात पडावातून बरोबर आलीच होती. पणजोबा रिंगखात्यात लागले आणि रिंगखात्यातच संपले. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथे धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा स्पृश्य कामगार तोंडाला लावायला तयार नव्हता. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांनाही हे बरेच दिवस दिसले नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी साचेखाते उघडे करण्याची मागणी पुढे रेटली तेव्हा ती नाइलाजाने मान्य करावी लागली. कामाचे तास सर्वांना सारखे होते, त्या तासांची किंमत सारखी नव्हती.

बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९२३ पासून हायकोर्टात वकिली करू लागले. कॉलेज मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, हायकोर्ट तर शेजारीच. ते ठोके त्यांच्या कानावर पडत असणारच. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे काम झाले, आणि १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. महार वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. गिरणीतले तास आधी बांधले गेले, गावातला दिवस नंतर सुटला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. खेडे हेच आपले सुखाचे मूळ, असे सांगणारे अजून भेटतात.

संध्याकाळी ओव्हलच्या बाजूच्या फुटपाथवर एका कार्यालयाच्या फाटकाशी पहारेकरी उभा होता. बोलण्यावरून आमच्याकडचा वाटला म्हणून थांबलो. लांज्याकडचा निघाला. एका कंत्राटदाराकडून लागला होता. बोलता बोलता राजाबाईचे सहाचे ठोके पडले. किती वाजता सुटता, मी विचारले. आठला बदली माणूस येतो, तो म्हणाला. आणि उभे केव्हापासून? सकाळी आठपासून.