कोणाच्या हातचे चॉकलेट?

प्रेमाची भेट म्हणून घरी स्वहस्ते केलेले चॉकलेट द्यावे, ही रीत आज ज्या देशात अत्यंत गांभीर्याने पाळली जाते तो देश फ्रान्स किंवा स्वित्झर्लंड नव्हे, जपान होय. १४ फेब्रुवारीस तेथे स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात. या चॉकलेटाच्या मुख्य जाती दोन. कचेरीतले सहकारी, वरिष्ठ, ओळखीपाळखीचे यांना द्यावयाचे ते ‘गिरी-चोको’, आणि ज्याच्यावर खरोखर जीव आहे त्याला द्यावयाचे ते ‘होन्मेई-चोको’. पहिले दुकानातून आणलेले चालते, किंबहुना ते तसेच असावे असा संकेत आहे. घरी केलेले दिले तर भलताच अर्थ निघावयाचा. दुसरे मात्र शक्यतो ‘तेझुकुरी’, म्हणजे हातचे असावे. आणि हातचे करावयाचे म्हटले की नवख्या मुलीच्या आवाक्यातला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ट्रफल.

जपानी साहित्याच्या अभ्यासकास ‘गिरी’ हा शब्द ऐकताच चिकामात्सु मोन्झाएमोन आठवावा. प्रेमिकांच्या सहमरणावरील त्याच्या नाटकांत गिरी म्हणजे माणसाने माणसाचे देणे लागलेले कर्तव्य, आणि ‘निन्जो’ म्हणजे मनाची ओढ. १७२१ साली बाहुल्यांच्या रंगभूमीवर आलेल्या, अमिजिमा येथील सहमरणाच्या नाटकात कागदाच्या व्यापाऱ्याची पत्नी ओसान ही कोहारु या गणिकेला पत्र लिहून आपल्या नवऱ्याला सोडण्याची विनवणी करते. कोहारु ती पाळते. पुढे कोहारु आता जीव देणार हे ओसानला उमगते, तेव्हा तिला वाचविण्यासाठी हीच पत्नी आपली वस्त्रे गहाण टाकावयास काढते. दोन स्त्रियांमधले हे गिरी. तो शब्द १९८०च्या दशकात कचेरीत वाटावयाच्या चॉकलेटाला जाऊन चिकटला, यात कोणास शब्दाची अधोगती दिसेल. आम्हांस त्यात शब्दाचा चिवटपणा दिसतो. देणे लागल्याचा जो काच चिकामात्सुच्या स्त्रियांना होता, त्याचीच घरगुती, स्वस्त आवृत्ती ही.

परंतु आमचा प्रश्न दुसऱ्या चॉकलेटाविषयीचा आहे. हात लागला म्हणजे प्रेम सिद्ध झाले, हे समीकरण कोठून आले? आपल्या भाषेत ‘हाताला चव असणे’ आणि ‘आईच्या हातचे’ हे प्रयोग इतके रुळलेले आहेत की हा प्रश्न आपणांस पडतच नाही. चॉकलेटाचा इतिहास पाहिला तर मात्र असे दिसते की बराच काळ चॉकलेटाच्या बाबतीत करणाऱ्याचा हात ही विश्वासाची नव्हे, संशयाची वस्तू होती.

चॉकलेट आणि शृंगार यांची सांगड युरोपीय लेखनात प्रथमपासून आहे. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सैन्यातला शिपाई बेर्नाल दियास याने आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे की मोक्तेसुमा राजाला सोन्याच्या पेल्यांतून कोकोचे पेय दिले जाई, ते स्त्रीसंगात बळ यावे म्हणून घेतात असे सांगत, आणि ते स्त्रियाच मोठ्या आदराने आणून देत. पेय देणारी स्त्री हे चित्र येथेच तयार झाले. पुढल्या शतकात या चित्राला भयाची किनार लागली. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात टॉमस गेज या इंग्रजाने च्यापा येथील एका बिशपाची कथा दिली आहे. तेथल्या प्रतिष्ठित स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये दासींकरवी चॉकलेट मागवून पीत. बिशपाने त्यास बंदी केली. आणि थोड्याच दिवसांत तो चॉकलेटाच्या पेल्यातून विषप्रयोग होऊन मेला, असा बोभाटा झाला. गेज हा रंगवून सांगणारा लेखक. कथा खरी की नाही हा मुद्दा वेगळा. पेल्यात काय आहे ते फक्त करणाऱ्या बाईलाच ठाऊक, ही धास्ती मात्र खरी.

ग्वातेमाला येथील धर्मन्यायालयाची दप्तरे या धास्तीचा लेखी पुरावाच आहेत. मार्था फ्यू या इतिहासकार विदुषीने सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि अठराव्याचा आरंभ या काळातील ही प्रकरणे अभ्यासली आहेत. नवरा किंवा प्रियकर परत यावा, वश व्हावा, कधी त्याचे पौरुषच बांधले जावे, यासाठी स्त्रियांनी चॉकलेटात औषधी, पूड, आपल्या अंगाचे धुवण, रक्त असे काय काय मिसळल्याचे आरोप त्यांत आहेत. आरोपी बहुतांशी गरीब, मिश्र वंशाच्या, मूलनिवासी किंवा आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया. चॉकलेटच का, याचे उत्तर अगदी स्वयंपाकघरातले आहे. ते पेय दाट, काळपट, खरबरीत आणि मसालेदार असे. त्यात काहीही लपे. शिवाय कोको पाट्यावर वाटण्याचे काम बायकांचेच होते. आपल्याकडेही एखादा पुरुष एकाएकी बाईच्या ऐकण्यात गेला की ‘काहीतरी खायला घातले असेल’ अशी कुजबुज होते, आणि ज्या समाजाने रोटीबंदी शतकानुशतके पाळली त्याला ‘कोणाच्या हातचे’ या शब्दांतली धार समजावून सांगावयास नको.

म्हणजे घरी केलेले चॉकलेट ही प्रेमभेट होतीच. पण ती घेणाऱ्याने जपून घ्यावी अशी.

हा हात एकोणिसाव्या शतकाने दूर केला. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राचे पेटंट झाले आणि कोकोतील स्निग्धांश वेगळा काढता येऊ लागला. १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी खाण्याची वडी काढली. पण इंग्लंडात तेव्हा भेसळीचा सुळसुळाट होता. कोकोत पिष्ट आणि तांबडी मातीसुद्धा सापडे. १८६० आणि १८७५ सालचे भेसळविरोधी कायदे या काळातले. याच सुमारास, १८६६ साली, कॅडबरींनी आपली शुद्ध कोकोपूड बाजारात आणली आणि तिची जाहिरात केली ती केवळ शुद्धतेच्या बळावर. संस्थापकाचा मुलगा रिचर्ड कॅडबरी हा चित्रे काढणारा गृहस्थ. १८६०च्या दशकात त्याने स्वतःच्या चित्रांनी सजविलेल्या चॉकलेटाच्या पेट्या काढल्या. हृदयाच्या आकाराची पेटीही त्याच्याच नावावर सांगतात. आतील चॉकलेट संपल्यावर पेटीत प्रेमपत्रे ठेवावीत, अशी सोय. प्रेमाने आता कारखान्याचा माल द्यावयाचा होता, आणि त्याचा मुख्य गुण हा की त्याला कोणा अनोळखी बाईचा हात लागलेला नाही.

हात लागला नव्हता असे नाही. १९०६ साली हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराचे पोर्तुगीज आफ्रिकेतील गुलामगिरीवरचे पुस्तक आले. साओ तोमे बेटावर अंगोलातून आणलेले मजूर नावाला करारावर, प्रत्यक्षात गुलाम म्हणून कोको पिकवीत. आणि तो कोको कॅडबरी घेत. शुद्धतेचे, क्वेकर सदाचाराचे हे घराणे चौकशा करीत राहिले, पण खरेदी १९०९ पर्यंत थांबली नाही. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने दांभिकतेचा आरोप केला, कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो त्याच वर्षी जिंकला, आणि ज्यूरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. न्यायालयाच्या भाषेत इतके नेमके वाङ्मयीन व्यंग्य क्वचितच आढळते.

आता ट्रफलकडे वळू. ट्रफलच्या पोटातील मऊ मिश्रणास ‘गनाश’ म्हणतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ घोड्याचा खालचा जबडा, त्यावरून मठ्ठ माणूस. चॉकलेटात चुकून साय ओतणाऱ्या उमेदवाराला मालकाने हासडलेली ही शिवी, अशी दंतकथा सर्वत्र छापलेली आढळते. त्याहून मनोरंजक धागा नाट्येतिहासात आहे. व्हिक्तोर्यें सार्दू याचे ‘ले गनाश’ हे सुखात्म नाटक १८६२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले, आणि पोल सिरोदें या मिठाईवाल्याने त्यावरून आपल्या पदार्थास नाव दिले असे सांगतात. हा सिरोदें स्वतः नाटककार होता. ‘मादाम आंगोची मुलगी’ या गाजलेल्या संगीतिकेच्या लेखकांपैकी एक. नाटके लिहिणाऱ्याने पॅरिसच्या उंची वस्तीत मिठाईचे दुकान काढावे आणि मिठाईला दुसऱ्याच्या नाटकाचे नाव द्यावे, हे आम्हांस साय सांडण्याच्या कथेपेक्षा अधिक पटते. अर्थात पटणे म्हणजे पुरावा नव्हे. ट्रफलचा जन्म १८९५ साली शांबेरी येथे दुफूर नावाच्या हलवायाकडे झाला, हीही सांगोवांगीच. जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या कवकाचे नाव त्याला मिळाले ते केवळ मातकट, ओबडधोबड रूपावरून.

ट्रफल करणे सोपे आहे असे म्हणतात, ते का, हे कृतीत पाहावे. काळे चॉकलेट बारीक चिरावयाचे, त्याच्या वजनाच्या निम्मे दाट क्रीम उकळी येईतो तापवून त्यावर ओतावयाचे, मिनिटभर तसेच ठेवून मध्यापासून हळूहळू ढवळत बाहेर जावयाचे. मिश्रण फुटून तूप सुटू लागले तर चमचाभर कोमट दूध घालून सावरावयाचे. थंड झाल्यावर गोळ्या वळून कोकोपुडीत घोळवावयाच्या. चॉकलेट विशिष्ट तापमानांत खेळवून त्याला चकाकी आणण्याची कारागिरी येथे लागत नाही, कारण चकाकीच नको. गोळी वाकडी झाली तरी ती चूक ठरत नाही. मूळ कवकही वाकडेच असते. क्रीममधील पाण्यामुळे ती फार टिकत नाही, कारखान्याला हे अडचणीचे, घरच्या भेटीला मात्र शोभणारे. सगळ्यांत मौजेची गोष्ट अशी की कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे वळणाऱ्याच्या तळव्याची ऊबच गोळीचा घात करते. म्हणून हात गार पाण्यात बुडवून, पुसून, झपाझप वळावे, असे सांगतात.

आणि हे सोपेपण कारखान्याचे देणे आहे. १८७९ साली बर्न येथे रोडोल्फ लिंट याने चॉकलेट दीर्घकाळ घोटण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कोठे ते जिभेवर वितळण्याइतके मऊ झाले. ग्वातेमालातील बाई भाजण्यापासून वाटण्यापर्यंत सारे करीत होती. आजची प्रेमिका शेवटचा अर्धा तास करते. दिवाळीच्या सुमारास पुण्यामुंबईत जे ‘होममेड’ चॉकलेट विकले जाते तेही बव्हंशी तयार कम्पाउंडचा स्लॅब वितळवून साच्यात ओतलेले असते. याची टर उडविणे सोपे आहे. आम्हांस तसे करावेसे वाटत नाही. भाजणे-वाटणे यंत्राकडे गेले म्हणूनच उरलेल्या अर्ध्या तासाला निवडीचे मोल आले. जे करावेच लागे ते प्रेमाची खूण होऊ शकत नव्हते.

जपानमध्ये ही खूणही अखेर व्यापाराने घडविली. १९३६ साली कोबे येथील मोरोझोफ या, रशियन निर्वासित कुटुंबाचे नाव असलेल्या, मिठाईच्या कंपनीने परदेशी रहिवाशांच्या इंग्रजी वृत्तपत्रात व्हॅलेंटाइनची जाहिरात दिली. १९५८ साली मेरी चॉकलेट कंपनीने टोकियोतील इसेतान दुकानात विक्री मांडली, तेव्हा तीन दिवसांत पन्नास येनच्या तीन वड्या आणि वीस येनचे एक कार्ड खपले, असे ती कंपनी स्वतःच सांगते. स्त्रीने पुरुषाला द्यावे हे वळण याच जाहिरातींनी दिले. ते रुजले १९७०च्या दशकात. ज्या समाजात मुलीने आपण होऊन प्रेम बोलून दाखविणे वावगे होते, तेथे वर्षातला एक दिवस त्यासाठी मोकळा झाला, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. तिची किंमतही तिनेच मोजली. १९८० साली मिठाईवाल्यांनी पुरुषांनी परतफेड करण्याचा १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ सुरू केला, तरी वळणे, घोळणे, बांधणे हे बायकांकडेच राहिले. २०१८ च्या फेब्रुवारीत गोडिव्हा या चॉकलेटाच्याच कंपनीने आर्थिक दैनिकात पानभर जाहिरात देऊन गिरी-चोको बंद करण्याचे आवाहन केले. होन्मेईबद्दल तिची तक्रार नव्हती, हे सांगणे नलगे.

तावारा माची या कवयित्रीचा ‘सालाद किनेनबी’, म्हणजे सॅलडचा स्मृतिदिन, हा तान्का-संग्रह १९८७ साली आला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. शीर्षक ज्या तान्कावरून आले त्यात प्रियकराने केलेली सॅलडची स्तुती आणि त्यामुळे स्मरणीय ठरलेली तारीख आहे. तावारा यांनी पुढे सांगितले की प्रत्यक्षात त्या दिवशी केले होते ते करीच्या चवीचे तळलेले चिकन. कवितेला सॅलड हवे होते. १९९७ साली त्यांचाच ‘चोकोरेतो काकुमेई’, चॉकलेट-क्रांती, हा संग्रह आला. तेथे मात्र क्रांती आहे ती प्रियकराच्या पोक्त, ‘मोठ्या माणसासारख्या’ उत्तराविरुद्धची, आणि चॉकलेट म्हणजे त्या बंडाचीच कडूगोड चव.

जपानच्या दुकानांत फेब्रुवारीत ‘हातचे’ करण्याचे तयार संचही मिळतात. साचे, पेटी, फीत सारे आत. त्यातील कोको बहुधा पश्चिम आफ्रिकेचा. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न एका संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार तेथील कोकोशेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. कोकोची सगळी फळे एकदम पिकत नाहीत आणि ती थेट बुंध्यावर लागतात. यंत्राने तोडता येत नाहीत. ती कोयत्याने एकेक उतरवावी लागतात, फोडावी लागतात, आणि आतल्या वीस ते पन्नास बिया गरासकट बोटांनीच काढाव्या लागतात. मग त्या केळीच्या पानांखाली पाचसहा दिवस आंबत ठेवतात, आणि नंतर उन्हात पसरून दिवसातून अनेकदा हाताने परततात.