सोनेरी अंगरख्याची कुळकथा

चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचा फोटो पाहून पुष्कळांना वाटलं, यानाला सोन्याचा पत्रा लावलाय. सोनं नव्हे, ती पॉलिइमाइड या प्लास्टिकची फिल्म. पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो; ती चंदेरी चकाकी मधाळ रंगातून दिसते, म्हणून सोन्याचा भास. मोबाइल दुरुस्त करणारा गरम हवेचा झोत मारण्याआधी शेजारच्या भागांवर पिवळी पारदर्शक टेप चिकटवतो ना, ती याच कुळातली.

हे कूळ अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचं. १९६० च्या दशकात तिथे ही फिल्म जन्मली, ‘कॅप्टॉन’ म्हणून विकली गेली आणि १९६९ साली अपोलो-११ बरोबर चंद्रावर उतरलीसुद्धा.

तिची थोरली बहीण टेफ्लॉन. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँच्या रॉय प्लंकेटने सिलिंडर उघडला तर वायू येईना, वजन मात्र तेवढंच. कापून पाहिलं, तर आत पांढरी मेणचट भुकटी! आम्लालाही दाद न देणारी. साहजिकच हबल दुर्बिणीला १९९० मध्ये टेफ्लॉनच्याच एका जातीचं पांघरूण घातलं होतं; जाडी ०.१२७ मिलिमीटर. १९९७ च्या फेब्रुवारीत अंतराळवीर दुरुस्तीला गेले तेव्हा त्याला भेगा पडलेल्या दिसल्या. इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या माऱ्याने टेफ्लॉनची लांब साखळी जागोजागी तुटते आणि तुटलेली टोकं पुन्हा सांधत नाहीत. फिल्म ठिसूळ होते. मग दर दीड तासाला होणारं तापणं-गारठणं तिला तडकवतं.

कॅप्टॉनच्या साखळीत बेन्झीनची कडी ओवलेली असतात. आदळलेली ऊर्जा एकाच बंधावर न पडता कड्यांत वाटली जाते, म्हणून साखळी सहसा तुटत नाही. आणि मला फार आवडणारी गोष्ट ही की, तो सोनेरी रंगही याच कड्यांच्या दाटीतून येतो: शेजारशेजारच्या साखळ्या निळा प्रकाश शोषतात, उरतो तो मधाळ.

वैरी निघाला वेगळाच. पृथ्वीजवळच्या कक्षेत सुटे ऑक्सिजन अणू असतात. १९८१-८२ च्या पहिल्यावहिल्या शटल उड्डाणांतून परतलेल्या कॅप्टॉनची झळाळी गेली होती. १९८४ ते १९९० कक्षेत ठेवलेल्या एलडीईएफ या बसएवढ्या सांगाड्यावर तर, पुढच्या तोंडाच्या पातळ फिल्म पार खाल्ल्या गेल्या. म्हणून अंतराळ स्थानकाच्या सौरपंखांतल्या कॅप्टॉनवर सिलिकॉन ऑक्साइडचा काचेसारखा थर चढवला.