ताऱ्यांपलीकडची तार

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरीही सूर्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्याकडे निरोप धाडून उत्तर मिळवायचं तर साडेआठ वर्षं थांबावं लागेल. आकाशगंगाभर साम्राज्यं उभी करणाऱ्या विज्ञानकथाकारांची पंचाईत व्हायची ती इथेच. हुकूम पोचेपर्यंत बंड होऊन गेलेलं, आणि कदाचित सम्राटही! त्यामुळे बहुतेकांनी तत्क्षणी निरोप पोचवणारं एखादं भारदस्त नावाचं यंत्र टेबलावर ठेवलं नि कथा पुढे रेटली.

जेम्स ब्लिश यांनी मात्र या पळवाटेची चिरफाड केली. १९५४ साली ‘गॅलेक्सी’ मासिकात त्यांची ‘बीप’ ही कथा आली. तिच्यातल्या यंत्राला भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांचं नाव दिलेलं आहे. प्रत्येक संदेशाआधी त्यातून एक कर्कश ‘बीप’ ऐकू येतो. सगळे वैतागून तेवढा भाग सोडून देतात. पण त्या एका आवाजातच यंत्रावरून आजवर धाडलेले आणि यापुढे धाडले जाणारे सगळे संदेश कोंबलेले असतात. हे निव्वळ कल्पनेचे लाड नव्हेत. सापेक्षतावाद खरा धरला, तर प्रकाशाला मागे टाकणारा निरोप भूतकाळातही पाठवता येईल, हा पेच रिचर्ड टोलमन यांनी १९१७ सालीच मांडला होता.

अर्सुला ले ग्विन यांना भौतिकशास्त्रापेक्षा सत्तेत जास्त रस होता. त्यांचं ‘अ‍ॅन्सिबल’ हे संदेशयंत्र १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’मध्ये पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या विश्वात माणसं प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाळतात, निरोप मात्र तत्क्षणी पोचतो. १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये एक राजदूत हे यंत्र राजापुढे ठेवतो. संशयी राजा विचारतो: माणूस देशद्रोही कशामुळे होतो? दूरच्या ग्रहावरून उत्तर येतं, की ते आम्हालाही ठाऊक नाही. स्वतःला कुणी देशद्रोही समजत नाही, म्हणून ते शोधणं अवघड. राजा नाराज होतो. विश्व ओलांडून आलेलं उत्तर, आणि त्यात राजकारणाला उपयोगी असं काहीच नाही!

१९७२ च्या ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’मध्ये तर यंत्रच राजकारण होतं. पृथ्वीपासून २७ प्रकाशवर्षांवरच्या वसाहतीत साहेबलोक जंगलं तोडताहेत, तिथल्या रहिवाशांना राबवताहेत. जाब विचारणारा जवळपास कुणी नाही. अ‍ॅन्सिबल बसतं आणि वरून बंधनं येऊ लागतात. वसाहतीतला कॅप्टन डेव्हिडसन म्हणतो, यंत्रच खोटं असणार. प्रत्यक्षातही १८७० साली समुद्री तारेने मुंबई लंडनला जोडली गेली, तेव्हा आठवड्यांचं अंतर असं एकाएकी आटलं होतं. तारेच्या या टोकाच्या अधिकाऱ्यांना डेव्हिडसनची चीड परकी वाटली नसती.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी १९८५ च्या ‘एंडर्स गेम’मध्ये हीच सोय सैन्याच्या हाती दिली. कैक वर्षांपूर्वी निघालेली आरमारं एक पोरगा पृथ्वीपासून दूरच्या तळावर बसून लढवतो, आणि आपण सराव करतोय अशीच त्याची समजूत असते. यंत्राचं नाव? तेही अ‍ॅन्सिबल. कुणीतरी ते जुन्या पुस्तकातून उकरून काढलं, असं कादंबरीतलंच एक पात्र सांगून मोकळं होतं.