जोशींचा वाढदिवस आणि पुण्याचा उतारा

आजच्या भागात लढाई नाही. किल्ला थोडासा आहे, बाकी सगळा संगणक. चामराजपेटेत राहणारे माझे जुने फौजी सोबती संध्याकाळी भेटले की हल्ली गुडघेदुखीनंतरचा दुसरा विषय हाच असतो: "सर, घरच्या कॉम्प्युटरमध्ये कुठला अँटीव्हायरस टाकू?" पेन्शन 'स्पर्श' पोर्टलवर, हयातीचा दाखला ऑनलाइन, मुदतठेवी बँकेच्या संकेतस्थळावर. आयुष्यभराची शिल्लक त्या एका डब्यातून दिसते, म्हणून प्रश्न साधा नाही. उत्तर मी देणारच आहे, पण आधी इतिहास. कारण या इतिहासात मराठी माणसाचं पान मोठं आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही.

सुरुवात लाहोरपासून. १९८६ साली तिथल्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. गंमत अशी, की त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. घुसखोर स्वतःचं ओळखपत्र गळ्यात घालून आल्यासारखं!

चार वर्षांनी, जून १९९० मध्ये, भारतात एक व्हायरस सापडला. त्याचं नाव 'जोशी'. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसायचा आणि पडद्यावर हुकूम यायचा, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. निमूटपणे टाइप केलं की सोडायचा. लिहिणारा कोण, ते कधीच उघड झालं नाही. जोशी आडनाव आपल्याकडे आहे तसं गुजरातेत आणि कुमाऊंतही आहे, त्यामुळे पुण्याच्या लोकांनी लगेच कॉलर ताठ करू नये किंवा मान खालीही घालू नये.

पण विनोद बाजूला ठेवून त्याची चाल पाहा. त्या काळी संगणक फ्लॉपीवरून सुरू व्हायचा. फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात जे लिहिलेलं असेल ते यंत्र न विचारता वाचायचं, आणि जोशीबुवा नेमके तिथेच बसायचे. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी हा स्मृतीत टिकून राहायचा. वीज पूर्ण बंद करायची, मग खात्रीच्या, लेखनबंदीची चिकटपट्टी लावलेल्या फ्लॉपीवरून सुरू करायचं, हाच इलाज. मी तेव्हा नोकरीत होतो. आमच्याकडच्या संगणकाच्या खोलीत बूट काढून जावं लागे, आणि बाहेरची फ्लॉपी रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय आत जात नसे. जवान हसायचे. ती नोंदवही हाच त्या काळचा खरा अँटीव्हायरस होता, असं माझं आजही मत आहे.

भीतीचा व्यापारही तेव्हाच सुरू झाला. ६ मार्च १९९२ ला 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस जगभरातले लाखो संगणक पुसून टाकणार, अशी हाकाटी झाली. तसे मोठे आकडे सांगणाऱ्यांत अँटीव्हायरस विकणारे जॉन मॅकॅफी पुढे होते. प्रत्यक्षात नुकसान काही हजारांच्या घरात राहिलं, पण अँटीव्हायरसची विक्री मात्र दणक्यात झाली. कुठल्याही जाहिरातीत मोठा आकडा दिसला की मला हा ६ मार्च आठवतो.

आता पुणे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यातल्या मंगळवार पेठेत छोट्या जागेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं, आणि १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केलं. गिऱ्हाइकांचे संगणक दुरुस्तीला येत आणि त्यांतल्या कितीतरी संगणकांत यंत्र धडधाकट असे, बिघाड व्हायरसचा असे. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. त्याने हे व्हायरस उलगडून बघायला आणि ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'क्विक हील' बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं, २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

बंगळूरला राहणारा माणूस म्हणून मला इथे एक प्रश्न पडतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ लाच इथे आलेली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात जन्मली, पण १९८३ मध्ये इकडे आली. सॉफ्टवेअरची राजधानी इथे, मग घरगुती भारतीय अँटीव्हायरसची मोठी नावं पुण्याचं क्विक हील, मुंबईचं ई-स्कॅन, चेन्नईचं के-सेव्हन अशी का? माझा अंदाज असा: इथल्या कंपन्यांचं गिऱ्हाईक सातासमुद्रापार होतं. मंगळवार पेठेतल्या दुकानाचं गिऱ्हाईक मात्र बंद पडलेला संगणक रिक्षात घालून दारात येत होतं. रोग्याची नाडी ज्याच्या हातात, औषध त्याला सुचतं.

औषधाची गरज किती होती हे २६ एप्रिल १९९९ ला कळलं. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' त्या दिवशी फुटला. तो डिस्कवरची माहिती तर पुसायचाच, पण अनेक संगणकांत मदरबोर्डवरची बायॉस चिपही निकामी करायचा. भारतातही पुष्कळ संगणक गेले. चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले.

तेव्हाचा अँटीव्हायरस म्हणजे पोलीस ठाण्यातला फरारी आरोपींच्या फोटोंचा फलक. फोटो जुळला तर पकडायचं. रोज नवा चोर येऊ लागला तसा फलक अपुरा पडला, म्हणून आजचे अँटीव्हायरस प्रोग्रॅमची वागणूकही पाहतात: हा एकदम शेकडो फायली कुलूपबंद का करतोय?

दुसरा बदल मायक्रोसॉफ्टने केला. २००९ मध्ये त्यांनी फुकट अँटीव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' आतच बसवला. म्हणजे आज विंडोजचा संगणक घेतला की पहारेकरी आधीच दारात उभा असतो. दुसरा अँटीव्हायरस घातला की डिफेंडर सहसा आपणहून मागे सरतो. दोन पूर्ण अँटीव्हायरस एकत्र चालवू नयेत. दोन सेनापती एकाच तुकडीला हुकूम देऊ लागले की काय होतं ते फौजेत वेगळं सांगावं लागत नाही.

आता किल्ला. चामराजपेटेला लागूनच बंगळूरच्या किल्ल्याचा उरलेला तुकडा आहे. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने आधी पेठ घेतली, मग तटाला तोफांनी खिंडार पाडलं आणि २१ तारखेच्या रात्री आत शिरले. तट दणकट होता, पण खिंडार एक पुरतं. संगणकाचं खिंडार म्हणजे न केलेलं अपडेट. मे २०१७ च्या 'वॉनाक्राय'ने ज्या भोकातून प्रवेश केला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो मुळात पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. युक्रेनमधला हिशेब आणि रायगडमधले कंटेनर!

तर उत्तर. संगणकावर विंडोज ११ असेल, अपडेट वेळेवर होत असतील, आणि वापर बँक, पेन्शन, ईमेल एवढाच असेल तर डिफेंडर पुरेसा आहे, पैसे वाचवा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. त्यावर महागडा अँटीव्हायरस चढवणं म्हणजे खिंडाराला रंग देणं. आधी विंडोज बदला. घरात नातवंडं खेळ उतरवतात, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह फिरतो, तिथे विकतचा घ्यावा. २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या गोपनीय जाळ्यात व्हायरस शिरला तो एका पेनड्राइव्हमधूनच, आणि साफसफाईला वर्षाहून जास्त काळ लागला. विकत घेताना जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांचे चाचणी निकाल बघा, आणि पहिल्या वर्षाची किंमत न बघता दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाची विचारा. एस. पी. रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, कुणी 'क्रॅक' केलेली प्रत फुकट टाकून देतो म्हणाला तर हात जोडा. संशय आला तर सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची साफसफाईची साधनं २०१७ पासून मोफत मिळतात.

आणि फोनवर कुणी पोलीस असल्याचं सांगून 'डिजिटल अटक' करू लागला, तर तिथे कुठलाच अँटीव्हायरस मध्ये पडत नाही. फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर तासाभराच्या आत १९३० वर कळवायचं. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या भागात परत १७९१ मध्ये जाऊ. तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन कुठे होते, ते नकाशावर दाखवीन.