बेचाळीस धावा आणि तीन वर्षांच्या अपेक्षा

१/ २४ जून १९७४. लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर संपला. एकनाथ सोलकर नाबाद १८. दोन आकडी धावसंख्या गाठणारा तो एकमेव फलंदाज. ही नीचांकी धावसंख्या डिसेंबर २०२० मधील अ‍ॅडलेडच्या ३६ धावांपर्यंत कायम राहिली. आजचा धागा त्या पराभवापेक्षा त्यानंतरच्या संतापाविषयी आहे.

२/ मालिका ०-३ अशी गेली. मुंबईत कर्णधार अजित वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये उभारलेली काँक्रीटची भव्य बॅट विद्रूप करण्यात आली. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकरांनी निवृत्ती पत्करली.

३/ एवढा रोष का? उत्तर १९७१ मध्ये आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला, त्यांच्याच भूमीवर, १-० असे नमवले.

४/ ओव्हलवरील विजयाचा दिवस होता २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. प्राणिसंग्रहालयातून आणलेली बेला नावाची हत्तीण मैदानावर फिरवण्यात आली होती. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. पुढे १९७२-७३ मध्ये मायदेशीही इंग्लंडवर २-१ अशी मात केली. सलग तीन मालिका जिंकल्यावर चाहत्यांना विजय हा शिरस्ताच वाटू लागला.

५/ आता त्याआधीचा हिशेब पाहा. १९३२ ते १९६७ या काळात भारत इंग्लंडमध्ये १९ कसोटी सामने खेळला. पराभव १५, अनिर्णित ४, विजय शून्य. १९७१ च्या मालिकेतही मँचेस्टरला पावसाने शेवटचा दिवस वाया गेला, तेव्हा ४२० धावांच्या लक्ष्यासमोर भारताची अवस्था ३ बाद ६५ होती. त्या दिवशी ऊन पडले असते, तर कदाचित इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

६/ वेळापत्रकही लक्षात घ्यावे. १९७१ चे तिन्ही सामने २२ जुलैनंतरचे. उन्हाळा सरत आलेला, ओव्हलची खेळपट्टी फिरकीला साथ देणारी. १९७४ चे सामने जून आणि जुलैच्या आरंभी; गार, दमट हवा, स्विंग होणारा चेंडू. मोसमाचा उत्तरार्ध यंदा पाकिस्तानच्या वाट्याला होता. संघाची भिस्त फिरकीवर, आणि चंद्रशेखर तर लॉर्ड्सवर जायबंदी होऊन दुसऱ्या डावात फलंदाजीलाही उतरू शकला नाही.

७/ मग चाहत्यांचा राग सर्वस्वी अन्याय्य होता काय? तसेही म्हणता येत नाही. एक डाव आणि २८५ धावा, एक डाव आणि ७८ धावा, अशा फरकाने झालेले पराभव केवळ हवामानाच्या माथी मारता येत नाहीत. पहिल्या सामन्यात गावसकरने त्याच हवेत शतक झळकावले होते. निराशेला आधार होता, दगडाला नव्हता.

८/ कर्णधार म्हणून वाडेकरांचा आलेख असा: सामने १६, विजय ४, पराभव ४, अनिर्णित ८. चार विजयांसाठी त्यांना डोक्यावर घेतले गेले आणि चार पराभवांनंतर कर्णधारपद गेले. त्यानंतर पतौडी परतले, तरी वेस्ट इंडिजविरुद्धची पुढची मालिका भारताने २-३ अशी गमावलीच. कर्णधार बदलल्याने संघाच्या मर्यादा बदलल्या नव्हत्या.

९/ अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही; १९७१ आधी त्या नव्हत्या, हीच खरी शोकांतिका होती. त्या वाडेकरांच्या संघानेच जन्माला घातल्या. मात्र अपेक्षेचे माप सर्वोत्तम वर्षावरून घेतले, की त्यानंतरचे प्रत्येक साधारण वर्ष विश्वासघातासारखे भासते. आपल्या आवडत्या संघाचा मोसम वाया गेला, की आधी मागच्या दहा मोसमांचा तक्ता काढावा आणि मगच कर्णधाराच्या राजीनाम्याची मागणी करावी.